बंबात जाळलेली अक्षरं

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे ‘घाबरली असशील’ असं कुणी म्हणणार असेल तर आधीच सांगते — त्या दुपारी मी घाबरले नव्हते, चिडले होते.

सेलूला मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, माझ्या काकांचा छापखाना आहे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी वाचन सावकाश. अक्षर मला आधी आकार म्हणून दिसतं. पोस्टरच्या मोठ्या लाकडी अक्षरांचे आकार तर मला पाठ होते. कडा झिजलेल्या, पोटात चिरा… छापली की काळ्यात पांढरे ओरखडे उमटायचे. कुस्त्या, जत्रा, तमाशा — सगळ्यांना तीच हवी असायची, लांबून ओळखू येतात म्हणून. ‘म’ला उभी चीर होती. खंडेनवमीला काकू त्यांना हळदकुंकू वाहायची, ते त्या चिरेत कायमचं बसलेलं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या सभेचं पोस्टर छापायला कॉलेजातला मिलिंद आला.

“समदे प्रेसवाले न्हाई म्हणायलेत, काका. परवा सभा हाय.”

“मग मी काय वेगळा हाय? काचा फुटल्यावर तू बसवून देतूस का?”

“मी छापते,” मी म्हणाले.

गिऱ्हाइकासमोर मी कधी तोंड उघडत नसे. काका बघतच राहिले. “कशानं छापतीस तेच बघतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लाकडी अक्षरांची पेटी घरी आणून अंघोळीच्या बंबात रिकामी केली. काकू ओरडली, “अहो, पुजलेली अक्षरं जाळायलात का?”

“पाणी तापलं का बघ,” एवढंच म्हणून ते परभणीला गेले.

मी मिलिंदला बोलावलं. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची बारकी अक्षरं, जुळवले — मथळ्याला लग्नपत्रिकेचे, तेच काय ते मोठे. काळी शाई लावली, पायानं ट्रेडल मशीन मारलं.

कागद निघाला. खालचा मजकूर जुळवला तसाच. वर मात्र ‘नामांतर’ — वीतभर उंच, ओरखड्यांसकट. ‘म’मध्ये तीच उभी चीर, आणि चिरेत बारीक लाल रेघ. मशीनवर लाल शाई नव्हतीच.

मिलिंदनं मशीनवरच्या खिळ्यांच्या चौकटीत डोकावलं. आत शिशाचे बोटाएवढे खिळे.

“ताई, लाकडी तर जाळले म्हनलात ना?”

“जाळले.”

“मग हे…”

“तू कागद दे.”

सगळे कागद तसेच निघाले. संध्याकाळी मोंढ्याच्या भिंतीवर पोस्टर बघून काका तणतणत आले. “कुठं लपवली होतीस?”

“बंबातली राख बघा. आणि छापलं मीच, कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

त्यांनी खरंच राख चाळली. राखच होती.

शाई फुटून कागदावर पसरली असेल, असं ओळखीचे एक सर म्हणतात. शाई फुटते, सर… पण बोटाएवढं अक्षर वीतभर होत नाही. याहून पुढचं मलाही सांगता येत नाही, आणि न घडल्यासारखं वागणं मला जमणार नाही.

सभेच्या दिवशी दगड आला आणि छापखान्याची काच फुटलीच. काका म्हणाले, “पुठ्ठा बघ एखादा.”

मी उरलेलं पोस्टर लावलं, छापील बाजू रस्त्याकडे करून. काकांनी ते अजून काढलेलं नाही.