झाकणावरचा निळा ठिपका

सरांच्या घरून काकूंचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्यात जीपमधून उतरत होते. "सविता, हे गेले गं…" एवढंच त्या बोलल्या. दीड महिना होत आला. त्या क्षणी मला रडू आलं नाही. मनात आलं, आता सांगायचं कुणाला? त्याची लाज अजून जात नाही.

सर सास्तूरचे, जनावरांचे डॉक्टर. निवृत्त झाल्यावरही आमच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत ठाण मांडून असत. लस दिलेल्या शेळीच्या रक्तातल्या पेशी रोगाशी लढायला उठतात का, हा त्यांचा ध्यास. त्या पेशी काचेच्या बशीत जगवायला शेळीचंच एक प्रथिन लागे, इंटरल्यूकिन. शेळीचं जनुक जिवाणूत घालून ते तयार करतात. वर्षभर खेटे घातल्यावर एक कुपी आली, तळाशी दिसेल न दिसेल अशी भुकटी. ती विरघळवून सरांनी बारा इवल्या नळ्यांत वाटली आणि गोठवली. "हे एकदाच वितळवायचं. परत गोठवलं की कामातून गेलं समज," त्यांनी बजावलं. वितळलेल्या नळीच्या झाकणावर निळ्या पेनानं ठिपका द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. "सर, उद्या शेळ्यांनाबी गंध लावाल," मी चिडवायची.

कुपी आली त्याच वर्षी मे महिन्यात मोबाइल चार्ज करायला मी फ्रीझरचा प्लग काढला आणि तसाच विसरून घरी गेले. सकाळी बाराही नळ्यांत पाणी. सर यायच्या आत प्लग लावला, घाईत नळ्यांचा डबा तिरकाच आत सारला… आणि गप्प बसले. पुढं पेशी काही तगेनात. सर शेळ्या बदलून पाहत, पुन्हा रक्त काढत. मी मुकाट बशा धूत होते. रोज निघताना ते विचारायचे, "काही सांगायचं राहिलं का गं?"

"न्हाय, सर."

शेवटी एक दिवस वही मिटून म्हणाले, "माझाच अंदाज चुकला असंल." दुसरी कुपी मिळाली नाही. ते काम तिथंच थांबलं.

परवा फ्रीझर साफ करायला घेतला. सात नळ्या उरल्या होत्या, एकदाही न उघडलेल्या. आतला बर्फ तिरका गोठलेला. वरचं हिव पुसलं, तर सातही झाकणांवर निळा ठिपका… त्यांना कधी कळलं, कुणास ठाऊक. मला त्यांचा रागही आला. एकदा खडसावलं असतं तर मी सगळं ओकून मोकळी झाले असते! पण ते विचारतच होते की, रोज.

डबा पुन्हा आत ठेवला, या वेळी सरळ. दिवा मालवला आणि दारातून त्यांच्या खुर्चीकडं बघून म्हणाले, "व्हय सर, राहिलंय."