बाजारच्या दिवशी फोनवरून येणारी कविता

मंदाताईनं आयुष्यात कधी कम्प्युटरला हात लावला नाही.

तरी इंटरनेटवरच्या आमच्या कवितेच्या मंडळात सगळ्यात जास्त वाट तिच्याच कवितेची बघितली जायची.

आज पहाटे ती गेली. राजूरला, आपल्या घरात, झोपेतच.

सकाळपासून कशात लक्ष नाही. म्हणून लिहायला बसलोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात कम्प्युटर रूमला होतो. जिल्ह्यात तेव्हा इंटरनेट म्हणजे नवलाईच.

कुठून कुठून ओळखी निघत सात जण जमलो. एक पुण्याचा, एक थेट अमेरिकेतला, बाकीचे असेच विखुरलेले. प्रत्येकाचं एक फुकटचं वेबपेज. ब्लॉग हा शब्द आमच्यापर्यंत आला नव्हता. आम्ही त्याला नुसतं ‘पान’ म्हणायचो.

सात माणसं, सात वार. ज्याचा वार त्यानंच कविता टाकायची. नाही टाकली तर तो दिवस रिकामा. दुसऱ्यानं त्यात घुसायचं नाही, असा आमचा नियम.

माझा गुरुवार. मंदाताईनं मागून घेतला राजूरच्या बाजाराचा दिवस.

ती तिथं, भंडारदऱ्याजवळच्या डोंगरात, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमची ओळख संगमनेरच्या एका कविसंमेलनातली. बाजारच्या दिवशी दुपारी ती एसटीडी बूथवर यायची, कारखान्यात फोन लावायची आणि कविता सांगायची. मी ती इंग्रजी अक्षरांत टाईप करायचो. मराठी फॉण्ट कुणाकडे होता तेव्हा?

गंमत म्हणजे फोन आणि इंटरनेट एकाच लाईनवर. मंदाताई चालू तर इंटरनेट बंद, इंटरनेट चालू तर मंदाताई बंद. साहेबांना सगळं माहीत होतं, पण त्यांनी कानाडोळा केला.

तिचं पानही मीच सांभाळायचो, त्यामुळे दोघांच्या कविता मंडळाला माझ्याच ई-मेलवरून जायच्या. अमेरिकावाल्यानं एकदा विचारलं, तुमच्या साखर कारखान्यात एवढे डोंगर कुठून आले? ताईला सांगितलं तर बूथवर हसत सुटली.

गळिताचा हंगाम असायचा. खिडकीतून मळीचा गोडसर वास. आणि कानात राजूर.

तिच्या आवाजामागे अख्खा बाजार ऐकू यायचा. कोंबड्या, भांडी, कुणाला तरी हाका. मी डोळे मिटून टाईप करायचो. आपण कोपरगावात बसलोय हे विसरायला व्हायचं. वाटायचं, खुर्चीखालून भंडारदऱ्याचं धुकं चाललंय.

मग आई गेली.

आणि माझं लिहिणं थांबलं. काहीही लिहिलं की खोटं वाटायचं. गुरुवार रिकामे जायला लागले. मंडळात कुणी काही विचारलं नाही. माझ्या दिवशी कुणी कविताही टाकली नाही.

मंदाताईची कविता मात्र मी टाईप करत होतो. हमालाला काय, ओझं दुसऱ्याचं.

एका बाजारच्या दिवशी तिचा फोन आला. मी की-बोर्ड ओढला.

“आज आधी तू म्हण,” ती म्हणाली. “मग माझी सांगते.”

माझ्याकडे काही नाही म्हटलं.

“एक ओळ तर असेल.”

खरंच एकच होती. कितीतरी दिवस डोक्यात अडकलेली. म्हटली एकदाची.

‘बाबा अजून तिघांचा भात टाकतात.’

घरात आता आम्ही दोघंच होतो.

मग थोडं लांबून तिचा आवाज आला. फोनसाठी थांबलेल्या लोकांना ती माझी ओळ म्हणून दाखवत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसतीच कुजबुज ऐकू येत होती.

मग रिसीव्हरवर एक म्हाताऱ्या माणसाचा आवाज. डोंगरातला कुणी, भाताचीच शेती करणारा असावा.

“मंग उरल्या भाताचं काय करता तुमी?”

साहित्याबद्दल मला आजवर कुणी असा सरळ प्रश्न विचारला नव्हता.

म्हटलं, सकाळी बाबा फोडणी घालतात. दोघं बसून खातो.

“हां,” तो म्हणाला. “बरं करता.”

आणि मी कम्प्युटर रूममध्ये ढसाढसा रडलो. आई गेल्यावर पहिल्यांदा.

ताईनं फोन परत घेतला. मला रडू दिलं. मग म्हणाली, “पुढचं सुचलं ना? गुरुवारी टाक. आता माझी घे.”

त्या गुरुवारी फोडणीच्या भाताची कविता माझ्या पानावर गेली. मी परत आलो.

पुढे ती फुकटची साईट बंद झाली, सगळी पानं गेली. मी नंतर ब्लॉग काढला, तोही कितीतरी वर्षं उघडला नव्हता. या वेळी कुणी गेलं नव्हतं. नुसता आळस.

ताई फोनवर विचारायची, गुरुवारचं काय? मी म्हणायचो, बघू.

आज तिच्या मुलीनं बातमी सांगितली आणि मग हळूच विचारलं, “मामा, आईच्या त्या इंटरनेटवरच्या कविता आता कुठे असतील?”

कुठेच नाहीत गं.

पण ज्या हातांनी टाईप केल्या त्यांना थोड्या आठवतात. ‘पाणी धरणात राहिलं, त्याचा आवाज तेवढा माझ्या घरी आला.’ ही तिची ओळ. हिच्या पुढचं आठवेपर्यंत बसणार आहे.

दुपारी ब्लॉग उघडला. पासवर्ड विसरलो होतो, मुलानं काढून दिला. मंडळातल्या उरलेल्यांना कळवलंय. आपले वार परत घ्या म्हटलं.

बाजाराचा दिवस तेवढा कुणी घ्यायचा नाही. तिच्या आठवतील त्या ओळी त्या दिवशी मी टाकीन. माझं काही टाकणार नाही.

माझा गुरुवार. नक्की.

फोन संपवताना तू कायम एकच म्हणायचीस आणि मी काही बोलायच्या आत रिसीव्हर खाली जायचा. आज मी म्हणतो.

जय भीम, ताई. ठेवतो.