देवरावांचा बैलांशी आलेला संबंध

देवराव इंगोले आयुष्यभर दोन गोष्टी अभिमानानं सांगत आले. एक म्हणजे, नांदगाव पेठेच्या सूतगिरणीत त्यांनी ठेवलेल्या हिशेबात ऑडिटरला बोट ठेवायला जागा सापडली नाही. दुसरी म्हणजे, शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, ते बैलजोडी हाकायचे. पहिली गोष्ट खरी होती, पण ती ऐकायला कोणी थांबत नसे. म्हणून दुसरी.

खरं इतकंच होतं की त्यांच्या पत्नी मैनाबाईंचे भाऊ जानराव मूर्तिजापूरपलीकडच्या आपल्या गावात दरवर्षी पट भरवत. एकेक जोडी धावणार आणि घड्याळावर निकाल लागणार, म्हणजे भांडण ठरलेलंच. म्हणून मंचावर स्टॉपवॉच घेऊन असा माणूस बसवायचा की ज्याच्यावर कोणी संशय घेणार नाही. बी.कॉम. झालेला, अमरावतीला नोकरी असलेला, कोणत्याच जोडीशी देणंघेणं नसलेला जावई जानरावांच्या घरातच होता.

पुढे पटावर बंदी आली. गावानं एक वर्ष बंदी पाळली, पुढच्या वर्षी पाळली नाही. ऐन रंगात पोलिसांची गाडी आली. जोड्या हाकणारे धुरकरी पळाले, मालक पळाले, चहावाला किटली घेऊन पळाला. सापडले ते एकटे देवराव, गळ्यात स्टॉपवॉच. बाकीच्यांची नावं पोलिसांना मिळाली नाहीत. देवरावांनी मात्र आपलं नाव, वडिलांचं नाव आणि पिनकोड न विचारता सांगितला.

त्यांचे कॉलेजातले मित्र ताहेर अकोल्यात वकिली करत. त्यांनी सल्ला दिला, "कबूल कर, पन्नास रुपये दंड भर आन घरी जाय. तारखा खात बसशीन त एसटीचं भाडंच जास्त होईन." देवरावांनी कबूल केलं, दंड भरला आणि पावती फाईलला लावली. प्राण्यांना क्रूरपणे वागवल्याचा गुन्हा शाबीत झाला. घरी ते सांगत, "जबाबदार माणूस मंच सोडून पळत नसतो."

काही वर्षांनी बंदी उठली. जानराव पटाचे अध्यक्ष झाले, शाल-श्रीफळ घेऊ लागले. देवरावांचा गुन्हा मात्र होता तिथेच राहिला. त्यांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे. सूतगिरणीत तो सांगितला की नवीन पोरं जरा सरळ बसत.

अडचण आली ती न्यूझीलंडमुळे. मुलगी आचल आणि जावई नितेश तिकडे हॅमिल्टनला असतात. नितेश एका दुधाच्या कंपनीत हिशेब पाहतो. नात रेवा पाच वर्षांची. देवराव निवृत्त व्हायला आले तेव्हा आचलनं आईवडिलांना कायमचं तिकडे बोलवायचं ठरवलं. दोघांचा अर्ज एकच, मुख्य अर्जदार देवराव. त्यांचा अर्ज फेटाळला की मैनाबाईंचाही गेला. अर्जात विचारलं होतं, कधी शिक्षा झाली आहे का? देवरावांनी 'होय' लिहून पावतीची प्रत जोडली. खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते खोटं फक्त बोलत.

तिकडच्या अधिकाऱ्याचं पत्र आलं ते बोलण्याबद्दलच. आचलनं पाठिंब्याचं पत्र दिलं होतं आणि बापाच्या प्रेमापोटी त्यात लिहिलं होतं की बाबांचं आयुष्य बैलांमध्ये गेलं, ते स्वतः शर्यतीत जोडी हाकत. सोबत फोटो. छकड्याजवळ कासरा हातात धरून देवराव उभे. अधिकाऱ्याची विचारणा साधी होती: अर्जदारानं प्राण्यांशी नेमकं काय केलं, आणि त्या शर्यतीत त्याची भूमिका काय होती?

गाईंच्या दुधावर पोट भरणाऱ्या देशात राहायला जायचं आणि अर्जावर बैल छळल्याची शिक्षा. देवरावांच्या मनात आलं, आपण चोरी केली असती तरी बरं झालं असतं.

मैनाबाईंनी रेवासाठी गोधडी शिवायला घेतली होती. त्यांनी सुई खाली ठेवली. "तुमी जोडी हाकली कधी? माह्या बापाच्या गोठ्यात तुमी पाय तरी ठेवला काय? फुशारकी तुमची, आन नात दुरावून राहिली माही!"

दुसऱ्या दिवशी दोघं अकोल्याला गेले. मूर्तिजापूरला जानराव गाडीत चढले आणि तिघं ताहेरभाईंच्या ऑफिसात जाऊन बसले.

"अबे देव्या," पत्र वाचून ताहेरभाई म्हणाले, "तुह्या पोरीनं त तुले सरदार धुरकरी करून टाकलं. आता एकच रस्ता हाय. तू बैलाले हात लावला नाई, हे शाबीत कर."

"मी वेळ मोजत होतो."

"गवाह कोन?"

"मी!" जानराव म्हणाले. "लिहा वकीलसाहेब. जवाईबुवा बैलाले भेतात."

"भीत नाही," देवराव म्हणाले. "अंतर ठेवतो."

"पोळ्याले आमी यायले मानानं बोलावलं. बैलाले पुरणपोळी चारा म्हटलं. यायनं पोळी सुपात ठेवली आन सूप काठीनं पुढं सरकवलं. बैल सूपच खाऊन गेला."

मैनाबाई मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"आन हा फोटो," जानरावांचा उत्साह वाढला, "नीट पाहा. बैल बसून रवंथ करून राहिला. कासऱ्याचं दुसरं टोक छकड्यालेच बांधून हाय."

ताहेरभाईंनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "समदे पळाले, हा कावून नाई पळाला? साहेबाले वाटन का भरवणारा हाच होता. ते लिहाच लागते."

"जबाबदार माणूस..." देवरावांनी सुरुवात केली.

"मी तुरीत दडून पाहून राहिलो होतो," जानराव म्हणाले.

"भाऊ, राहू द्या ना," देवराव म्हणाले. "एवढ्याची गरज नाही."

"हाय," मैनाबाई म्हणाल्या. "सांग दादा."

"समदे नाल्याकडं पळाले. नाल्याच्या वाटेवर बैलं बांधून होते. जवाईबुवा दोन पावलं गेले आन थांबले. त्यायनं बैलाकडं पायलं. मंग पोलिसाकडं पायलं. मंग आपल्या पायानं पोलिसाकडं चालत गेले."

ताहेरभाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मैनाबाईंना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. पाणी देवरावांनीच दिलं. त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं की आपल्या आयुष्यातली सगळ्यांत शूर गोष्ट आपण घाबरून केली होती.

"सही करतं का?" ताहेरभाईंनी विचारलं. "का धुरकरीच राहतं?"

देवरावांनी मैनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी गोधडी सोबत आणली होती आणि ठसक्यातून सावरून तिचा काठ हातानं सारखा करत होत्या. देवरावांनी सही केली, प्रत्येक पानावर, खाली तारखेसह.

संध्याकाळी त्यांनी आचलला फोन करून पत्र दुरुस्त करायला सांगितलं. कारण सांगताना ते तीनदा खाकरले. आचल म्हणाली, "बाबा, हॉलमध्ये तुमचा तो फोटो मोठा करून लावलाय."

"राहू दे," देवराव म्हणाले. "खाली लिही, बैल बसलेला आहे."

कागद गेले. देवराव निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात सूतगिरणीच्या व्यवस्थापकांनी त्यांच्या पटातल्या पराक्रमाचा उल्लेख केला, तेव्हा देवरावांनी उभं राहून तो खोडून काढला. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या जरा जास्तच पडल्या.

उत्तर आलं तेव्हा मैनाबाई गोधडीचा शेवटचा टाका घालत होत्या. खुलासा मान्य. दोघांनाही परवानगी. त्यांनी आधी देवाला हात जोडले, मग माहेरी फोन लावला.

रात्री व्हिडिओवर रेवा आली. तिला आईनं सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"आजोबा, तुम्ही गाईला, काऊला घाबरता?"

देवरावांनी शेजारी बसलेल्या मैनाबाईंकडे पाहिलं. "हो."

"आमच्या घराच्या मागे खूप काऊज आहेत. पण मध्ये तारेचं कुंपण आहे. आणि मी तुमचा हात धरीन."

मैनाबाईंचे डोळे भरून आले. देवरावांचेही भरले. पण आता लपवायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी मोकळेपणानं विचारून घेतलं,

"बेटा, कुंपण किती उंच आहे?"