मशीनवरचा मुलगा

आमच्या धंद्याचं नाव ज्या मुलानं केलं, तो मुलगा कधी जन्मालाच आला नाही. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘आत मशीनवर पोरगा हाय माझा.’ आत मशीनवर मी असायचे. वय एकोणीस-वीस, अंगात वडिलांचा जुना शर्ट, केस फडक्यात घट्ट बांधलेले. मध्ये गोणपाटाचा पडदा.

वडील पुण्याच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग शिकले आणि एक जुनं मशीन ट्रकमध्ये घालून लातूरला परत आले. लातुरात तेव्हाही डाळमिली हाकेच्या अंतरावर. मिलमध्ये तुरीचं टरफल काढणारे रोलर फिरतात, त्यांच्या शाफ्टची टोकं बेअरिंगमध्ये बसतात. टोक झिजलं की रोलर थडथडतो आणि डाळीचा चुरा होतो. मग त्या टोकावर वेल्डिंगनं भर घालायची आणि घासून घासून ते अचूक मापाला आणायचं. अचूक म्हणजे किती, तर एका केसाचे दहा भाग करा, त्यातला एक इकडेतिकडे. आई म्हणायची, एवढी चिकित्सा जावई बघताना केलीत म्हणजे झालं.

दोन वर्षांत वडील स्कूटरवरून पडले. उजवं मनगट मोडलं. हाड बसलं, पण वाकडं बसलं. मशीनचं चाक शेवटी अगदी जरासं फिरवायचं असतं, तेवढं त्यांना जमेना. ऑपरेटर आणायचा तर पुण्याहून, आणि लातूरला यायला कोण बसलं होतं? बारावीनंतर मी घरीच होते, शेजारी बसून मापं लिहून घ्यायचे. एका दुपारी ते वैतागून म्हणाले, ‘तू फिरव.’ मी फिरवलं. माप बरोबर आलं. दुसऱ्यांदाही आलं, तेव्हा ते आळीपाळीनं मशीनकडे आणि माझ्याकडे बघत राहिले.

त्या दिवसांसारखं सुख मला पुन्हा मिळालं नाही, हे सरळच सांगून टाकते. मशीनचा फिरता दगड शाफ्टला टेकला की आवाज आधी खरखरीत यायचा, मग बारीक बारीक होत जायचा, आणि कुठे थांबायचं ते हाताला आपोआप कळायचं. दुधासारखं पांढरं पाणी बोटांवरून वाहत राहायचं. उन्हाळ्यात शाफ्ट इतका तापायचा की लगेच मोजला तर जाड भरायचा. ‘गरम लोखंड खोटं बोलतं,’ वडील म्हणायचे. मग मी तो आतल्या खोलीत शहाबादी फरशीवर ठेवायचे आणि शेजारी बसून राहायचे, तास-दीड तास. आई हाका मारून थकायची. मी काय करत होते? काही नाही, लोखंड निवण्याची वाट बघत होते. आता माझ्याकडे वेळच वेळ आहे, पण जिची वाट बघावी अशी एकही गोष्ट घरात नाही.

हळूहळू नाव झालं. उदगीर, निलंगा, देगलूरहून शाफ्ट यायला लागले. बाहेरच्या बाकावर बसून लोक ‘मिस्त्रीच्या पोराचा हात’ म्हणून कौतुक करायचे आणि पडद्याआड मला हसू यायचं. वाईट वाटायचं नाही का? वाटायचं की. पण वडिलांची भीती मला कळत होती. पोरीनं घासलेला शाफ्ट आपल्या मिलमध्ये कोण बसवणार? हंगामात मिल एक दिवस बंद राहिली तरी मालकाचा जीव खालीवर होतो. आणि वडिलांचा खरा पोरगा, म्हणजे माझा भाऊ, तेव्हा चौथीत पाढे चुकवत होता.

एक दिवस एका मोठ्या मिलचा मुकादम पाणी प्यायला मागच्या दारानं आत आला. मी मशीनवर होते, फडकं सुटून वेणी पाठीवर आली होती. त्यानं पाहिलं, रांजणातलं पाणी प्यायलं आणि काही न बोलता गेला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. ‘आता बोभाटा होनार,’ एवढंच म्हणाले. दोन महिन्यांत माझं लग्न उरकलं. लातूरपासून जेवढं लांब तेवढं बरं, म्हणून नांदेड. मशीनवरचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, असं गिऱ्हाइकांना सांगितलं. मला कुणी काही विचारलं नाही. नवरा शिक्षक, शांत, निर्व्यसनी. स्थळ चांगलं होतं, हेच तर दुखणं. रडायला धड कारणसुद्धा सापडेना.

याला तीस वर्षं होऊन गेली. नांदेडला भाजी आणायला निघाले की मी अजून वाट वाकडी करून इंजिन दुरुस्तीच्या दुकानांवरून जाते. ग्राइंडर चालू असला की पाय थांबतात. ‘अगं, मेथी पुढच्या गल्लीत मिळते,’ नवरा म्हणतो. त्याला सगळं ठाऊक आहे. एकदा नुसत्या आवाजावरून मला कळलं की तिथला दगड बोथट झालाय. आत जाऊन सांगावंसं फार वाटलं. पण हातात भाजीची पिशवी घेतलेल्या बाईचं कोण ऐकतंय? गप घरी आले.

यंदा खंडेनवमीला लातूरला गेले. भावाची आता एमआयडीसीत मोठी शेड आहे, कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आहेत. सगळ्यांना झेंडूचे हार घातलेले. वडील ब्याऐंशी वर्षांचे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. प्रसादाला त्या मुकादमाच्या मिलचे म्हातारे मालक आले. कपाळावर विभूती, हातात काठी. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. चहा बशीत ओतत ते भावाला म्हणाले, ‘मशिनी लई भारी आणल्यास बाबा. पर त्या वक्ती तुमच्याकडं जे काम व्हायचं ना, त्या हाताची सर न्हाई.’

भाऊ हसला. वडील खाली बघत होते. कधीतरी, एका तरी गिऱ्हाइकासमोर वडील म्हणतील की तो हात हिचा, एवढीच एक आस मी इतकी वर्षं धरून होते. ते काही बोलले नाहीत. मग माझंच डोकं फिरलं. सणाचा दिवस, दारी आलेला माणूस, कशाचंच भान राहिलं नाही.

‘आप्पा, तो मुलगा नव्हता. मी होते.’

आप्पांनी बशीवर फुंकर मारली. ‘ठाऊक हाय की.’

वडिलांनी मान वर केली.

‘लातुरात कुणाच्या घरी पोरगं हाय अन् कुणाच्या न्हाई, हे झाकून राहतंय व्हय? हे तुमचं पोरगं तवा चौथीत हुतं. मुकादमानं बी येऊन सांगितलं मला. म्या म्हनलं, खबरदार कुठं बोलशील तर. मिस्त्री शरमून पोरीला घरात बसवतील, मंग आपले शाफ्ट कोण करंल?’ ते माझ्याकडे वळले. ‘तुला नांदेडला दिली तवा आमी लई हळहळलो, बाई.’

चहा संपवून आप्पा गेले. भाऊ त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. मी वडिलांशेजारी खुर्ची ओढून बसले. राग आला होता, पण काढायचा कुणावर? गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून वडिलांनी मला लांब धाडलं, आणि मी काम सोडू नये म्हणून ती गिऱ्हाइकं तोंड मिटून बसली होती.



‘मला वाटलं, काम काढून नेतील,’ वडील म्हणाले.

‘हो, बाबा.’

‘लातुरातच दिली असती तुला.’

जाऊ द्या, संसार चांगला झाला, माणूस देवासारखा मिळाला, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. ते खरंही आहे. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

‘मी रोज आले असते, बाबा.’