नकाशांच्या खोलीतले गुरुवार

आमच्या शाळेच्या सगळ्या किल्ल्या ज्यांच्याकडे असत, त्या बाईंना मुलं, शिक्षक, पालक सगळेच किल्लीमावशी म्हणायचे. तीन मजले, सव्वीस खोल्या आणि सव्वीस किल्ल्यांचा एक जुडगा. कुठली किल्ली कुठल्या दाराची, हे त्यांच्या बोटांना न बघता कळायचं. सकाळी पावणेसातला त्या वरच्या मजल्यापासून दारं उघडत खाली येत. मी एकदा फार लवकर पोचले होते, तेव्हा पाहिलं. वर्ग उघडला की त्या लगेच पुढच्या दाराकडे वळत नसत, उंबऱ्यातच जरा वेळ थांबत. रिकाम्या बाकांवर कोवळं ऊन तिरपं पडलेलं, आदल्या दिवशीचा खडूचा वास अजून हवेत, आणि मावशी आत बघत उभ्या. जणू आत कुणी गाढ झोपलंय आणि त्याला उठवायचं त्यांच्या जिवावर आलंय.

मी या शाळेत शिक्षिका म्हणून लागण्याआधीची हकिकत मला त्यांच्याच तोंडून तुकड्या-तुकड्यांनी कळली, आणि काही त्यांच्या यजमानांकडून. ते शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसायचे आणि टाका घालता घालता बायकोची थट्टा करायचे.

तेव्हा मावशी अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. घरी ती अखंड टकळी चालवायची म्हणे, पण शाळेच्या फाटकातून आत आली की गप्प. हजेरीला 'हजर' नाही, पाणी हवं म्हणणं नाही, पडली तरी रडणं नाही. दीड वर्ष असंच. एकदा ऑफिसातले कारकून हसत म्हणाले, "मावशी, एवढ्या किल्ल्या आहेत तुमच्याकडे, हिच्या तोंडाच्या कुलपाची नाही का एखादी?" मावशींना हसू आलं नाही. कारण त्याच आठवड्यात त्या मुलीचे कपडे त्यांनी बदलले होते. बाहेर जायचंय हे बाईंना सांगता न आल्यामुळे ती जागेवरच ओली झाली होती. मावशींनी तिचे पाय पुसले, मोजे वाळत घातले, आणि तेवढ्या वेळात त्या मुलीनं त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

काही दिवसांनी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर एक कागद लागला. परिसरातल्या नऊ शाळांनी मिळून प्रशिक्षण ठेवलं होतं. दर शनिवारी सकाळी, आठ आठवडे. विषय होता, शाळेत न बोलणारी मुलं. खाली लिहिलं होतं: सर्व शालेय कर्मचाऱ्यांसाठी.

मावशींनी कारकुनांना नाव लिहून घ्यायला सांगितलं.

"अहो, ते शिक्षकांसाठी आहे."

"तसं कुठं लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? समजून घ्यायचं असतं."

मावशींनी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. "हे वाचा बरं. फोटोच्या खाली काय लिहिलंय?"

कारकुनांनी वाचलं. कर्मचारी. मग त्यांनी यादीत नाव घातलं.

पहिल्या शनिवारी घरातून निघताना यजमान म्हणाले, "आता वर्गात मागच्या बाकावर बसून दंगा करू नकोस." त्यांनी आदल्या दिवशीच वहीला उरलेल्या निळ्या कापडाचं कव्हर शिवून ठेवलं होतं. त्यावर नाव काढायचं होतं, पण बायकोला आवडेल की नाही म्हणून राहून गेलं, असं ते मला नंतर म्हणाले.

प्रशिक्षण कालव्याकाठच्या एका जुन्या इमारतीत होतं. दालनाचं छप्पर निम्मं काचेचं. वरून येणारा उजेड काचेवरच्या पाचोळ्यातून गाळून यायचा आणि जमिनीवर हलत राहायचा. मावशी म्हणायच्या, तिथं बसलं की आपण पाण्याच्या तळाशी बसलोय असं वाटायचं, आणि वर कुठंतरी दुसरंच जग पोहत चाललंय. अठरा शिक्षक होते, एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता आणि मावशी. शिकवणाऱ्या बाई वयस्कर, आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढे सरकून बसावं लागे. त्यांना सगळे ताई म्हणत.

ताईंनी पहिल्याच दिवशी जोड्या लावल्या. एकानं काहीतरी काम करायचं, दुसऱ्यानं शेजारी नुसतं बसायचं. दहा मिनिटं. बोलायचं नाही, विचारायचं नाही. मावशींच्या वाट्याला ड्रायव्हर आला. तो संत्रं सोलायला बसला. साल एका लांब पट्टीत निघावी म्हणून जीव ओतून सोलत होता. संत्र्याचा वास, वरचा हलता उजेड, पट्टी लांब लांब होत चाललेली. आणि मावशींना झोप लागली.

जाग आली तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते. मावशी शरमेनं उठायला लागल्या. ताईंनी हात धरून त्यांना खाली बसवलं. "बसा हो. ज्याच्या शेजारी झोप लागते, त्याची भीती वाटत नसते. आपल्याला मुलासाठी तसा माणूस व्हायचंय. आज तुम्ही तो अर्धा धडा दाखवलात." ड्रायव्हर संकोचून हसला आणि त्यानं निम्मं संत्रं मावशींना दिलं.

आठ शनिवार मावशींनी वही भरली. अक्षर गोल, ओळी वर चढत गेलेल्या. 'प्रश्न विचारला की उत्तराचं ओझं मुलावर.' 'आपलं काम करावं, करता करता स्वतःशी बोलावं, मुलानं ऐकलं तर ऐकलं.' 'मूल बोललं तर टाळ्या नकोत.' ही शेवटची ओळ दोनदा अधोरेखित.

पायऱ्यांच्या खाली शाळेत एक खोली होती. तिथं जुने कापडी नकाशे टांगलेले असत, छतापासून जमिनीपर्यंत, एकामागे एक. भूगोलाच्या तासाला आता कुणी ते नेत नव्हतं. दुसरीच्या बाईंना विचारून मावशींनी त्या मुलीला मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं तिथं न्यायला सुरुवात केली. मावशी ओल्या फडक्यानं नकाशाच्या काठ्या पुसायच्या आणि आपल्याशीच बोलायच्या. "हा समुद्र फारच धुळकटलाय बाई. माशांना दिसत तरी असेल का." मुलगी दाराशी उभी. दुसऱ्या आठवड्यात ती आत आली. पाचव्या आठवड्यात तिनं दुसरं फडकं उचललं. दोघी पुसत राहायच्या, नकाशांच्या मधल्या अरुंद बोळांतून, आणि वरच्या झरोक्यातून धुळीचे कण सावकाश खाली उतरत राहायचे.

साडेतीन महिन्यांनी एका दुपारी पलीकडच्या नकाशामागून आवाज आला. अगदी बारीक, शाळेत कधीच न ऐकलेला.

"इथं राहिलं."

मावशींच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. मग त्या म्हणाल्या, "हो की, राहिलंच." पलीकडे गेल्या आणि तो कोपरा पुसला. मुलीला वर्गात सोडून आल्यावर त्या जिन्याच्या वळणावर भिंतीला कपाळ टेकून किती तरी वेळ उभ्या होत्या. सातवीची मुलं खाली उतरताना त्यांना बाजूनं वळसा घालून गेली.

पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडून चूक झाली. आनंद पोटात मावेना. त्यांनी न राहवून विचारलं, "सांग ना गं, आणखी कुठं राहिलंय?" मुलीनं फडकं खाली ठेवलं. त्यानंतर दोन महिने ती खोलीत यायची, पण दाराशीच उभी राहायची.

प्रशिक्षण संपल्यावरही ताई महिन्यातून एकदा त्याच दालनात बसत. कुणाचं अडलं असेल त्यानं यावं. मावशी गेल्या आणि रडू कोसळलं. "ताई, मी हातचं घालवलं हो. सगळं मातीत घातलं."

ताईंनी त्यांना पोटभर रडू दिलं. मग म्हणाल्या, "नकाशे मळलेत का परत?"

"मळलेत."

"मग पुसा."

मावशींनी परत पुसायला घेतलं. पुढचं वर्ष सरता सरता ती मुलगी हजेरीला 'हजर' म्हणू लागली. बडबडी वगैरे ती कधीच झाली नाही. पण पाणी मागायची, बाहेर जाऊ का विचारायची, आणि एकदा तर बाकावरच्या मैत्रिणीशी भांडली. तो दिवस मावशींनी वहीत तारखेसकट लिहून ठेवला होता.

मी त्या शाळेत आले ती यानंतर. माझी पहिली नोकरी, पाचवीचा वर्ग, बेचाळीस मुलं. तिसऱ्या महिन्यात मुख्याध्यापक सर माझा तास बघायला मागे येऊन बसले आणि नेमका त्याच तासाला वर्ग माझ्या हातातून गेला. मुलं खिदळत होती, मी ओरडत होते, माझाच आवाज मला ओळखू येत नव्हता. तास संपल्यावर रडायला जागा शोधत मी पायऱ्यांखालच्या उघड्या दारातून आत शिरले. नकाशांच्या मागे जाऊन जमिनीवर बसले. डोळे भरलेले, समोर निळं कापड, त्यावर कुठल्या तरी महासागराचं अर्धं नाव. मी कुठं आहे हेच कळेना.

थोड्या वेळानं कुणीतरी शेजारी येऊन बसलं. मावशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नकाशाची खालची कड मांडीवर घेतली, सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "हा डोंगर उसवत चाललाय. आज टाका घातला नाही तर दरीत पडेल."

मी रडता रडता हसले. टाके घालून होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. शेवटी मीच म्हणाले, "मला हे जमणार नाही, मावशी. मी सोडून देते."

"हं," एवढंच. दोरा दातानं तोडला. मग बराच वेळ गेल्यावर, "शनिवारी मोकळ्या आहात का?"

त्या मला ताईंकडे घेऊन गेल्या. तिथं नव्या शिक्षकांचा गट चालू होता. माझ्यासारखेच सातजण, सातही जण नोकरी सोडायच्या विचारात. ताईंनी आम्हाला वर्ग कसा आवरायचा हे शिकवलं, पण त्याहून जास्त म्हणजे आपलं काय चुकलं ते चारचौघांत सांगायला शिकवलं. मी राहिले. आज मला त्या शाळेत अकरावं वर्ष आहे.

दोन वर्षांनी ती कालव्याकाठची इमारत दुसऱ्या कामाला गेली आणि ताई लेकाकडे लांबच्या गावी राहायला गेल्या. शेवटच्या शनिवारी आम्ही खुर्च्या एकावर एक रचत होतो. पुढे कुठं जमायचं, कुणालाच माहीत नव्हतं. ड्रायव्हर खुर्ची हातात धरून नुसताच उभा होता. तेव्हा मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे एक खोली आहे. छप्पर काचेचं नाही, पण समुद्र पुष्कळ आहेत."

सोमवारी त्या मुख्याध्यापकांपुढे उभ्या राहिल्या. मी सोबत होते.

"बाहेरच्या शाळांची माणसं आपल्या खोलीत बसणार? कुणाच्या अधिकारात?" सरांनी चष्मा खाली घेतला.

"खोलीची किल्ली माझ्याकडे आहे, सर. परवानगी तुमच्याकडे. एकीचा दुसरीवाचून उपयोग नाही."

सरांनी बराच वेळ पेन्सिल फिरवली. "कोणता वार?"

"गुरुवार. शाळा सुटल्यावर."

"आणि शिकवणार कोण?"

त्याचा मावशींनी विचारच केला नव्हता. मग मीच म्हणाले, "सध्या आम्ही नुसते बसू, सर."

तशी सुरुवात झाली. दुपारचं शेवटचं ऊन झरोक्यातून येऊन नकाशांवर पडायचं, खंडं आतून उजळल्यासारखी दिसायची, आणि आम्ही मधल्या जागेत गोल करून बसायचो. उपाहारगृहात स्वयंपाक करणारी बाई यायची. एका चिडखोर मुलानं तिच्या अंगावर ताट फेकलं होतं आणि तेव्हापासून तिचे हात कापत. शेजारच्या शाळेतले गणिताचे सर यायचे. त्यांची पत्नी नुकतीच गेली होती. ते वर्षभर एक शब्द न बोलता बसले. कुणी त्यांना बोला म्हटलं नाही. एका गुरुवारी त्यांनी आपणहून विचारलं, "हा नकाशा उलटा टांगलाय, कुणाच्या लक्षात आलं नाही का?" आणि सगळे वर बघायला लागले. खरंच उलटा होता. मावशींनी जीभ चावली.

मावशींचं नाव प्रशिक्षक म्हणून कुठल्याच कागदावर नव्हतं. त्या दार उघडायच्या, चहा ठेवायच्या, काहीतरी शिवत बसायच्या. पण कुणी नवीन माणूस आलं की त्यांच्याच शेजारची खुर्ची का धरायचं, ते मला ठाऊक आहे.

निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी जुडगा माझ्या हातात दिला नाही, कारकुनांच्या हातात दिला, रीतसर सही घेऊन. पुढच्या महिन्यात नऊ शाळांनी मिळून त्यांना पत्र पाठवलं: शाळांतल्या मदतनिसांना शिकवायला याल का? यजमान म्हणाले, "झालं. आता ही मलाही धडे देणार." पण प्रत्येक मंगळवारी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला तेच जातात.

मागच्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर गेले होते. गावाबाहेरची लहानशी शाळा, जेवणाचं दालन, लांब टेबलं अजून ओली. सात बायका आणि एक पहारेकरी, हात मांडीवर ठेवून बसलेले. त्यातली एक म्हणाली, "आम्हाला काय शिकवणार तुम्ही? आम्ही झाडलोट करणारी माणसं."

मावशी म्हणाल्या, "मीही झाडलोटच करायचे." आणि थांबल्या.

बाहेर मैदानावर मुलांचा गलका दूर जात होता, जवळ येत होता. टेबलावर पाण्याचा एक थेंब कडेपर्यंत घरंगळत गेला आणि तिथंच थबकला. मला वाटलं, आता मावशी काहीतरी सांगतील. त्या तशाच बसून राहिल्या, निवांत. बऱ्याच वेळानं तीच बाई खाली बघत म्हणाली, "आमच्याकडे एक पोरगा आहे. रोज जेवणाच्या वेळी टेबलाखाली जाऊन बसतो. मी त्याला ओढून बाहेर काढते."

"हं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी आपली खुर्ची जरा तिच्या बाजूला सरकवली.