पुकाऱ्याच्या गळ्यातले कोंब

गालिच्याच्या कारखान्यात नक्षी वाचून सांगणाऱ्याला सगळे पुकाऱ्या म्हणत. "दोन लाल, एक निळी, चार पांढऱ्या," असं तो गात राही आणि मागावर बसलेल्या बायका तशा गाठी मारत. उन्हाच्या पट्ट्यात लोकरीचे तंतू तरंगत, आणि स्वतःच्याच आवाजाने त्याला गुंगी येई. रंग आधी आपल्या गळ्यात उमलतात, मग मागावर उतरतात, असं त्याला खरंच वाटे. माणूस जरा हवेतच राहणारा.

पण गळ्यात भलतंच काही उमलत होतं. स्वरयंत्रावर चामखिळींसारखे कोंब येत, आवाज बसे आणि ओळीच्या मध्येच धाप लागे. डॉक्टरीणबाई तोंडातून दुर्बीण घालून ते लेझरने जाळत, आवाज मोकळा होई आणि काही महिन्यांत पुन्हा तेच रडगाणं. हे विषाणूचं काम, त्या म्हणाल्या. दिसतात ते कोंब काढता येतात, पण विषाणू चांगल्या दिसणाऱ्या अस्तरात दडी मारून बसतो. या खेपेला त्यांनी लसही टोचली. काहींच्या बाबतीत तिने दोन ऑपरेशनांमधलं अंतर वाढतं, पण हमी नाही. मालकांनी मात्र बजावलं होतं की आता आवाज आला नाही, तर प्रत्येक मागावर नक्षीचा छापील नकाशा टांगू. नकाशाला घसा नसतो.

भुलीत तो लोकरीच्या ढिगात खोल बुडत गेला, सुखाने. मग डॉक्टरीणबाईंच्या हुकमाने मौनाचे दिवस आले. तो खिडकीशी बसून मनातल्या मनात रंग म्हणे आणि भीतीने अर्धमेला होई.

कामावर परतल्यावर त्याने तोंड उघडलं. आवाज बारीक निघाला, पण स्वच्छ. सगळी ओळ त्याने एका दमात पुकारली. आणि नक्षी साफ बिघडली. सगळ्या मागांवर, एकाच जागी, एकेक गाठ जास्त. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

तेव्हा मागावर बसलेली त्याची बायको खाली मान घालून म्हणाली, "तुम्हाला धाप लागली की आम्ही सगळ्या एक खोटी गाठ मारायचो, आणि तुम्ही पुढचा रंग सांगेपर्यंत सोडवायचो. हात थांबलेले मालकांना दिसायला नकोत म्हणून. आजही नेहमीच्या जागी हातांनी सवयीने ती गाठ मारली, पण तुम्ही थांबलाच नाहीत, सोडवायला वेळच मिळाला नाही."

पुकाऱ्याला रडू आवरेना. इतकी वर्षं तो आपली धाप एकट्यानेच लपवत आला होता, असं त्याला वाटत होतं.

मालकांनी जास्तीच्या गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ओळ उसवा. आणि तुम्ही, पुन्हा पुकारा."