नाव ठेवणारी आत्या

खांडव्याची आत्या आमच्या घरात प्रत्येकाचं नाव ठेवायची आणि प्रत्येकाला नावंही ठेवायची. पहिलं काम बारशाला, पाळण्याजवळ. दुसरं बारा महिने. माझ्या आईच्या स्वयंपाकाला ती दवाखान्याचं जेवण म्हणायची. धाकट्या काकांच्या नव्या नवरीला तिनं उंबऱ्यावरच ऐकवलं होतं, "पोरगी चांगली हाय. फोटोत जास्त चांगली हुती." नवरी आत जाऊन रडली. आत्या ओट्यावर बसून, स्वतःच खांडव्याहून आणलेली शेव खात राहिली.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. रेल्वेतल्या नवऱ्यामागं खांडव्याला गेली आणि तिथलीच झाली. मूलबाळ नाही. तेव्हा हिंगोलीहून खांडव्याला छोट्या रुळांची गाडी थेट जायची. घरात पाळणा हलला की आत्या त्या गाडीनं हिंगोलीला उतरून आमच्या गावी, शिरड शहापूरला हजर. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ते सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. इतरांकडं हे धपाटे लटके असतात. आमच्याकडं बायका मनापासून घालायच्या, कारण एरवी तिच्या जिभेला उत्तर द्यायची कुणाची टाप नव्हती. आत्या पाठ आणखी वाकवून म्हणायची, "हाना, हाना. नाव तर आता बसलं."

मी मंगळवारी जन्मलो. खांडव्यात इतकी वर्षं काढून आत्याच्या बोलण्यातला ळ पार झिजला होता. बाळाला ती बाल म्हणायची आणि मंगळवारला मंगलवार. तिनं माझ्या कानात 'मंगल' सांगितलं. तिकडं ते दणदणीत पुरुषी नाव. आमच्या गावात तेव्हा चार मंगल होत्या आणि चारही लुगडं नेसत होत्या. त्यातली एक, मंगलकाकू, आमच्या शेजारीच राहायची. पाळण्याभोवती आधी हसू फुटलं, मग धपाटे. ते इतके बसले म्हणे, की आत्याला आठवडाभर उताणं झोपता आलं नाही. पुढं कुणी नाव बदलायचा विषय काढला की ती हेच पुढं करायची. "त्या नावापायी मी मार खाल्लाय. बदलायचं न्हाई."

शाळेत पहिल्याच दिवशी गुरुजींनी माझं नाव मुलींच्या यादीत पुकारलं. मग पोरांनी माझं 'कार्यालय' केलं. मंगल कार्यालय. वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, तारीख मोकळी हाय का? एकदा असाच रडत घरी आलो तेव्हा आत्या आलेली होती. तिनं माझे डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "बाईचं नाव हाय म्हणून रडून राहिला, आन् रडतो तर बाईसारखाच." असं बोलून तिनं मला मांडीवर ओढलं आणि कितीतरी वेळ डोक्यात तेल जिरवत बसली. तिचा हात आणि तिची जीभ यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. मला तिचा राग यायचा आणि तिच्या मांडीवरून उठवतही नसे.

एका उन्हाळ्यात ती मला खांडव्याला घेऊन गेली. तिच्या गल्लीत आणखी दोन मंगल होते, एक टांगेवाला आणि एक पैलवान. पैलवानानं मला खांद्यावर बसवून 'छोटा मंगल आया' म्हणत गल्लीभर फिरवलं. महिनाभर माझ्या नावाला कुणी हसलं नाही. परतीच्या गाडीत अकोल्यापर्यंत मी पुरुषच होतो. वाशीमला समोरच्या आजोबांनी नाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी माझ्या चड्डीकडं बघत बायकोला कोपरानं ढोसलं.

माझ्या लग्नाची पत्रिका छापणाऱ्यानं आपलं शहाणपण वापरून माझ्या नावामागंही 'चि. सौ. कां.' लावलं. दोन वधूंची ती पत्रिका हिंगोलीच्या मोंढ्याच्या बाजारात हातोहात फिरली. सासऱ्यांनी मला हळूच विचारलं, शाळेच्या दाखल्यावर बी हेच हाय का? आत्या पत्रिका बघून पोट धरून हसली. त्या हसण्याबद्दल मी तिला माफ केलं नाही. वर्षभरात मी राजपत्रात नाव बदलून मंगेश झालो. वारंगा फाट्यावर स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, पाटीवर मंगेश लिहिलं आणि तिकडंच राहायला गेलो. आत्या फोनवर मंगलच म्हणायची.

मग उशिरानं मला मुलगी झाली. आईवडील तोवर गेले होते, छोटी गाडी बंद झाली होती. ऐंशीच्या घरातली आत्या बस बदलत बदलत बारशाला आली. मला सख्खी बहीण नाही, त्यामुळं पाळण्याजवळची जागा आपलीच, असं ती धरून चालली होती. नवं पातळ नेसून, पदर खोचून ती पुढं झाली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आत्या, तू बाजूला हो. एका लेकराच्या जन्माचं हसं केलंस, तेवढं बास."

माझ्या चुलतबहिणीनं नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत हलके धपाटे घातले. आत्या भिंतीला पाठ लावून उभी होती. त्या दिवशी तिनं जेवणालासुद्धा नावं ठेवली नाहीत. निघताना पिशवी उचलत एवढंच म्हणाली, "मार तरी खाऊ द्यायचा हुता रे, मंगल." मी तिला सांगितलं, की इथं मंगल नावाचं कुणी राहत नाही. दुसऱ्या दिवशी तिचा नंबर ब्लॉक करून टाकला.

त्याला दोन वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात गावाकडची शेजारीण मंगलकाकू एसटीनं फाट्यावर आली. गावातल्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर आलेलं एक पत्र दुकानदारानं तिच्या हातात दिलं होतं. आत्याच्या तेराव्याचं पत्र होतं ते. पत्त्यात नाव होतं, श्री मंगल.

"श्री लिवलंय, म्हंजे तुझंच आसंल," मंगलकाकू म्हणाली. "मागं दुकानात फोन बी आलता, हिंदीतून. मंगलची बुआ लई बीमार हाय, मंगलला पाठवा म्हनले. बुआ म्हंजे आत्या, हे दुकानदारानं सांगितलं. म्या म्हनलं, माझी आत्या कवाच मेली, सांग त्यांला तसं. तुला आता कोन मंगल म्हनतं, बाबा?"

मी खांडव्याला गेलो. आत्याच्या शेजारणीनं दार उघडलं आणि नाव विचारलं. मी मंगल म्हणालो. कितीतरी वर्षांनी ते माझ्या तोंडून आलं आणि तिथं कुणीही हसलं नाही.

शेजारणीनं पाणीसुद्धा विचारलं नाही. फोन तिनंच केला होता. माझा नंबर लागेना म्हणून आत्यानं तिला गावातल्या दुकानाचा जुना नंबर तोंडपाठ सांगितला होता. आमच्या दुकानदाराची हिंदी आम्हा सगळ्यांसारखीच. तिच्यात बाई आणि पुरुष एकच. काकूचा निरोप त्यानं आपल्या हिंदीत पोहोचवला होता. "मंगल बोल रहा, उसकी बुआ तो कब की मर गई."

मी शेजारणीला विचारलं, हे तुम्ही आत्याला सांगितलंत? ती म्हणाली, आजींनी तीन वेळा विचारलं, मंगल काय म्हणाला, मंगल काय म्हणाला. शेवटी सांगितलं.

मग आत्या काय म्हणाली, मी विचारलं.

ती म्हणाली, आजींनी कूस बदलली आणि आमच्याकडं पाठ केली.